थॉमस स्ट्रीट : बॅटरीवरचे शेवटचे तास

मंगळवार, 17 सप्टेंबर 1991. न्यूयॉर्कमध्ये उकाडा आहे, घरोघरी एसी चालू आहेत. मॅनहॅटनच्या थॉमस स्ट्रीटवर एटी अँड टी कंपनीची 29 मजल्यांची, बिनखिडक्यांची इमारत आहे. लांब पल्ल्याचे कॉल जोडणारी प्रचंड एक्सचेंज तिच्यात आहेत.

सकाळी 10.10 (उरले 6 तास 40 मिनिटे)
शहराच्या विजेवरचा भार हलका व्हावा म्हणून वीजकंपनीशी झालेल्या करारानुसार इमारत स्वतःच्या डिझेल जनरेटरवर जाते. जनरेटर व्यवस्थित सुरू होतात. पण एक्सचेंजला डीसी वीज लागते, आणि ती पुरवणारे रेक्टिफायर बंद पडतात. सगळा भार बॅटऱ्यांवर येतो. फोन चालूच राहतात, त्यामुळे बाहेर कुणाला काही जाणवत नाही.

सकाळी 11 (उरले सुमारे 6 तास)
जनरेटर सुरू केल्यावर वीजसंचाची प्रत्यक्ष फिरून पाहणी करायची, असा नियम आहे. आज ती होत नाही. वीजविभागातले कर्मचारी अलार्मविषयीच्याच प्रशिक्षणाला गेले आहेत.

दुपारी 1 (उरले सुमारे 4 तास)
धोक्याचा इशारा देणारे काही अलार्म नादुरुस्त आहेत. जे चालू आहेत ते अशा मजल्यांवर, जिथे पाहायला कुणी नाही. बॅटऱ्या मिनिटामिनिटाला उतरत आहेत.

दुपारी 4.30 (उरली 20 मिनिटे)
अखेर बिघाड लक्षात येतो. पण बॅटऱ्या आता तळाला गेल्या आहेत.

दुपारी 4.50
एक्सचेंज बंद पडतात. हवाई वाहतूक नियंत्रण केंद्रांना एकमेकांशी जोडणाऱ्या मुख्य वाहिन्या, म्हणजे ट्रंक लाइनही, याच इमारतीतून जातात. विमान एका केंद्राच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत सोपवायचे, तर नियंत्रकांना एकमेकांशी बोलावेच लागते. आता ते बोलणेच तुटले आहे.

संध्याकाळ
केनेडी, लाग्वार्डिया आणि नेवार्क हे तिन्ही विमानतळ सुमारे चार तास ठप्प. हजाराहून अधिक उड्डाणे रद्द होतात किंवा रखडतात. सुमारे 85,000 प्रवासी अडकतात, 50 लाखांच्या आसपास कॉल लागत नाहीत. हवेतली विमाने सुखरूप उतरतात, हे नियंत्रकांचे कसब.

या दुर्घटनेत हॅकर नव्हता, वादळ नव्हते, आगही नव्हती. वीज, जनरेटर, बॅटरी असे तीन आधार असूनही यंत्रणा कोसळली, कारण तिसऱ्या आधारावर आपण आलो आहोत हे कुणी पाहिलेच नाही. दुसरी चूक त्याहून खोल होती. विमानांच्या सुरक्षेसाठी कितीही ट्रंक लाइन घेतल्या, तरी त्या एकाच इमारतीतून गेल्या तर त्यांची मोजणी एकच करायला हवी. ट्रंकची आखणी करणाऱ्याने पडद्यावरच्या यादीवर विसंबू नये. प्रत्येक लाइन कोणत्या इमारतीतून जाते, तिथली वीज कुठून येते आणि बॅटरी किती तास टिकते, हे स्वतः जाऊन तपासावे. ही तपासणी त्याच्या कामाचाच भाग आहे, कारण त्या लाइनच्या टोकाला माणसांचे जीव असतात.