यंत्राचा शोध आणि अटळ मात

‘यंत्र बुद्धिबळ खेळते’ असे ऐकले की यंत्राच्या पोटी माणसासारखी बुद्धी असावी, असे पुष्कळांस वाटते. परंतु श्रमाचे मोल ठरवावयाचे, तर आधी ते श्रम कोणते हे पाहिले पाहिजे.

स्पेनमधील अभियंते लिओनार्दो तोरेस केवेदो यांनी 1912 साली एक यंत्र तयार केले. यंत्राकडे राजा व हत्ती, माणसाकडे एकटा राजा. यंत्र मात करीत असे. पण ते शोध घेत नव्हते, घालून दिलेल्या नियमांबरहुकूम मोहरे हलवीत होते. म्हणून कमीत कमी चालींत मात होईलच, याची हमी नव्हती.

खरा शोध सुरू झाला तो 1951 च्या नोव्हेंबरात, मँचेस्टर येथे. जर्मनीतून इंग्लंडात आलेले डीट्रिख प्रिन्झ हे फेरांती कंपनीत काम करीत. कंपनीच्या मार्क 1 या संगणकासाठी त्यांनी ‘दोन चालींत मात’ सोडविणारी आज्ञावली लिहिली. पांढऱ्याची प्रत्येक चाल, तिला काळ्याचे प्रत्येक उत्तर, त्यावर पांढऱ्याची पुन्हा प्रत्येक चाल. आणि शेवटी प्रश्न एकच: काळ्याला एखादी चाल उरते काय? सुमारे 15 मिनिटांत यंत्राने उत्तर दिले.

यातील विषमता ध्यानात घ्यावी. आपल्या बाजूची एक चाल सापडली की पुरे. प्रतिपक्षाची मात्र एकही चाल वगळून चालत नाही. साऱ्या उत्तरांना प्रत्युत्तर असेल, तरच मात अटळ. उलट, प्रतिपक्षाला सुटकेची एक वाट सापडली की आपली ती चाल बाद. तिच्या उरलेल्या फांद्या तपासण्याचे श्रम वाचतात.

हे श्रम वाचविल्यावाचून गत्यंतर नाही. दर वेळी 30 चाली शक्य आहेत असे धरले, तर दोन चालींच्या मातेसाठी 27 हजार शाखा, तीन चालींसाठी 2 कोटी 43 लक्ष आणि चार चालींसाठी 2187 कोटी! म्हणून केवळ शह देणाऱ्या चाली तपासाव्या, ही युक्ती निघाली. शहाला उत्तरे थोडीच असतात. पण अवघड कूटप्रश्नांची पहिली चाल बहुधा शहाची नसते. ती मुकाट्याने कोंडी करते आणि या चाळणीतून निसटते. नेदरलंड्सचे व्हिक्टर अॅलिस यांनी 1994 च्या आपल्या प्रबंधात निराळी वाट दाखविली: जेथे सिद्ध करावयाचे सर्वांत थोडे उरले आहे, तेथे आधी जावे. प्रतिपक्षाची उत्तरे जेथे कमी, तेथे यंत्र खोल उतरते.

आता प्रिन्झ यांच्या आज्ञावलीतील एक उणीव सांगतो. तीत मात आणि जिच यांत भेद नव्हता. राजाला शह नाही, पण नियमाने करता येईल अशी एकही चाल उरलेली नाही, ती जिच. तेथे डाव बरोबरीत सुटतो. आम्ही कामगार चळवळीतली माणसे वाटाघाटी अडल्या म्हणजे हाच शब्द वापरतो, आणि जिच म्हणजे जीत नव्हे, हे आम्हांस कोणी शिकवावे लागत नाही. यंत्राला मात्र ते लिहून द्यावे लागते. मोजणी त्याची बिनचूक. विजय कशास म्हणावे, हे ठरविणारा माणूस. कारखान्यात नवे यंत्र येईल तेव्हा त्याच्या वेगाने दिपून न जाता, हे लिहून देणारा कोण, एवढे आपण अवश्य विचारावे.