मुखवटा आणि भिंत

भिंतीवर काय टांगलें आहे त्यावरून गृहस्थाची आवड कळते. आणि टांगलेल्या वस्तूविषयीं त्याला काय ठाऊक आहे, त्यावरून त्याची रसिकता कळते. मेक्सिकन मल्लांचे रंगीत मुखवटे, कुस्त्यांच्या जाहिराती व मल्लांच्या चिमुकल्या बाहुल्या आज दूरदूरच्या देशांतील दिवाणखान्यांत शोभेसाठीं मांडलेल्या आढळतात. या वस्तूंचा पूर्ववृत्तांत थोडक्यांत सांगावा, असें आम्हांस वाटतें.

या कुस्तीस तिकडे 'लुचा लिब्रे', म्हणजे मुक्त कुस्ती, असें म्हणतात. १९३३ सालीं साल्वादोर लुतेरोत यांनीं मेक्सिको शहरांत एक संस्था स्थापून या खेळास व्यवस्थित धंद्याचें रूप दिलें. पुढच्याच वर्षीं सिक्लोन मॅकी नामक मल्लानें अंतोनियो मार्तीनेस या बूट शिवणाऱ्या कारागिराकडून एक मुखवटा करवून घेतला, आणि त्यापासून पुढें परंपरा वाढली. अद्यापि हा मुखवटा डोक्यामागें नाडीनें आवळतात. बूट करणाराचा हात त्यांत ओळखूं येतो. जाहिरातींचेंही तसेंच. ठळक अक्षरांचे ते रंगीत कागद रस्त्यावरील भिंतींवर चिकटविण्यासाठीं असत. कुस्ती आटोपली कीं त्यांचें काम संपे. बाहुल्या तर बाजारांत स्वस्तांत मिळणारीं मुलांचीं खेळणीं. यांपैकीं कोणतीही वस्तु शोभेसाठीं जन्मलेली नाहीं.

शिवाय मुखवटा हें तिकडे नुसतें सोंग नव्हे. पैजेच्या कुस्तींत तोच पणास लागतो. हरलेल्या मल्लास प्रेक्षकांसमक्ष तो उतरवून आपलें खरें नांव सांगावें लागतें, आणि मुखवटा जेत्याच्या हातीं जातो. १९५२ च्या नोव्हेंबरांत रुपेरी मुखवट्याच्या 'एल सान्तो' यानें ब्लॅक शॅडो याचा मुखवटा असाच जिंकला. त्याच वर्षीं चित्रकथांतून व पुढें चित्रपटांतून सान्तो घरोघर पोंचला. १९८४ सालीं त्याला मरण आलें, तेव्हां मुखवट्यासहच त्याचें दफन झालें.

तेव्हां परक्याचा मुखवटा भिंतीवर लावणें हा अपमान होय काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. मेक्सिकोंतील मुलेंही आखाड्याच्या दारांत मुखवटे विकत घेतात. मात्र आपण कोणाचा मुखवटा घेतला, हें त्यांना पुरतें ठाऊक असतें.

लुर्देस ग्रोबेत या मेक्सिकन बाईंनीं अनेक वर्षें मल्लांचीं छायाचित्रें काढिलीं. तीं आखाड्यांत काढिलीं, तशींच त्यांच्या घरींही. एका चित्रांत मुखवटा घातलेली एक स्त्री-मल्ल तान्ह्या मुलास बाटलीनें दूध पाजीत आहे. त्या घरांत मुखवटा खिळ्यावर नाहीं, माणसाच्या तोंडावर आहे. त्याच्या आड श्रम आहेत, संसार आहे. ज्यास दिवाणखाना असा सजवावयाचा असेल, त्यानें तो खुशाल सजवावा. पाहुण्यानें 'हा कोण?' असें विचारल्यास मात्र यजमानास त्या मल्लाचें नांव सांगतां यावें. तेवढें साधलें, तर ती शोभा उसनी राहणार नाहीं.