एटिकोप्पाकाची कातीव भांडी

आंध्र प्रदेशात विशाखापट्टणमच्या नैऋत्येस सुमारे ६५ किलोमीटरवर वराहा नदीच्या काठी एटिकोप्पाका हे गाव वसले आहे. पूर्वी विशाखापट्टणम जिल्ह्यात असलेले हे गाव २०२२ च्या जिल्हा पुनर्रचनेनंतर अनकापल्ली जिल्ह्यात आले. लाकूड कातून त्यावर रंगीत लाखेचा लेप चढविण्याची कला येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. बाहेरच्या जगाला एटिकोप्पाका ठाऊक आहे ते खेळण्यांसाठी. मात्र कातारी कारागिराचा खरा कस लागतो तो पोकळ भांड्यांत. कुंकवाचे करंडे, झाकणाच्या डब्या, लहान फुलदाण्या आणि तेलुगूत ‘लक्कपिडतलु’ म्हणून ओळखली जाणारी मुलींच्या खेळातली चिमुकली भांडी, म्हणजेच आपल्याकडची भातुकली, ही त्यांतील ठळक उदाहरणे होत.

लाकडाची निवड

या कामासाठी ‘अंकुडु’ नावाच्या झाडाचे लाकूड वापरतात. मराठीत या झाडाला काळा कुडा म्हणतात. कर्नाटकातील चन्नपट्टणची प्रसिद्ध खेळणीही मुख्यतः याच लाकडाची असतात. हे लाकूड पांढरट, मऊ आणि बारीक पोताचे असते. पटाशीखाली ते गुळगुळीत कातले जाते आणि पांढरेपणामुळे त्यावर लाखेचे रंग खुलून दिसतात. मोठे खोड तोडण्याची गरज सहसा पडत नाही, फांद्या पुरतात. तोडलेल्या फांद्यांची साल काढून त्या काही आठवडे ते काही महिने सावलीत वाळवतात.

वाळताना लाकूड सर्व दिशांनी सारखे आकसत नाही. परिघाच्या दिशेने होणारा संकोच गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेतील संकोचाच्या जवळपास दुप्पट असतो. त्यामुळे मधोमध गाभा असलेला भरीव गोल तुकडा सालीकडून आत चिरत जातो. तोच तुकडा आतून पोखरला, की गाभा निघून जातो आणि ताण मोकळा होतो. पोकळ भांडे भरीव खेळण्यापेक्षा नाजूक दिसत असले, तरी चिरण्याचा धोका त्याला काही अंशी कमीच असतो. तळाशी मात्र गाभ्याचा अंश उरतो, आणि म्हणूनच पहिली चीर बहुधा तेथेच दिसते.

कातण्याची रीत

पूर्वी एका हाताने धनुष्यासारखा गज ओढून लाकूड फिरवीत आणि दुसऱ्या हाताने पटाशी धरीत. पुढे विजेच्या मोटारीवर चालणारे लेथ आले. भरीव वस्तू दोन टोकांच्या मध्ये पकडता येते. पोकळ भांड्याचे तसे नसते. त्याचे एकच टोक यंत्राच्या खोबणीत घट्ट ठोकून बसवावे लागते, कारण हत्यार आत शिरण्यासाठी दुसरे टोक मोकळे हवे. आधी बाहेरचा आकार काढतात, मग टोक वळविलेल्या हत्याराने आतला भाग थोडाथोडा पोखरतात.

आतील कात नजरेआड होत असते. भिंत किती उरली, हे कारागीर हत्याराच्या कंपावरून आणि बदलत्या आवाजावरून ओळखतो. भिंत एकीकडे जाड आणि दुसरीकडे पातळ राहिली, तर हवेतील ओलाव्याने भांडे वेडेवाकडे होते आणि झाकण अडकते. झाकण व डबी शक्यतो एकाच तुकड्यातून काढण्याचे कारणही हेच. दोन्हींच्या लाकडाची जात आणि रेषा सारखी असल्याने ती साधारण सारखीच आकसतात.

लाखेचा लेप

लाख हा झाडांच्या डहाळ्यांवर राहणाऱ्या सूक्ष्म कीटकांचा स्राव असून पळस, बोर व कुसुम ही त्यांची मुख्य यजमान झाडे आहेत. लाखेच्या उत्पादनात झारखंड अग्रेसर आहे. शुद्ध केलेली लाख तापवून तिच्यात रंग मिसळतात, ती पुन्हापुन्हा ओढून एकजीव करतात आणि तिच्या कांड्या वळतात. भांडे लेथवर वेगाने फिरत असताना ही कांडी त्यावर दाबली जाते. घर्षणाच्या उष्णतेने लाख मऊ होते व लाकडाला धरते. मग केवड्याचे पान दाबून लेप एकसारखा पसरवितात. चकाकी येते ती या पानाच्या घासण्यातूनच.

भांड्याच्या आतून लेप देणे अधिक अवघड असते. बाहेरच्या परिघावर वेग जास्त असतो, तर तळाच्या मध्यबिंदूजवळ तो जवळजवळ शून्य होतो. वेग नाही म्हणून घर्षण नाही, आणि घर्षण नाही म्हणून लाख वितळत नाही. आतला तळही स्वच्छ आणि एकसारखा रंगलेला असेल, तर तो सरावलेल्या हाताची खूण समजावी.

रंगांचा प्रश्न

स्वस्त रासायनिक रंग आल्यावर हळद, नीळ, शेंद्री यांसारखे वनस्पतिजन्य रंग मागे पडले. खेळणी लहान मुलांच्या तोंडात जातात. शिशासारखे जड धातू असलेले रंग मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक ठरतात. एटिकोप्पाकाचे सी. व्ही. राजू यांनी वनस्पतिजन्य रंगांचे पुनरुज्जीवन केले. त्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. या खेळण्यांना २०१७ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला होता, तर २०२५ च्या प्रजासत्ताक दिनी आंध्र प्रदेशाच्या चित्ररथाचा विषयही हीच खेळणी होती.

भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना गुणवत्तेचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. नोंदणीकृत हस्तकला कारागीर आणि भौगोलिक निर्देशांकाची खेळणी यांना त्यातून सूट देण्यात आली. लहान कारागिरांना प्रयोगशाळेचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून ही सूट आवश्यकच होती. पण त्यामुळे रंग निर्धोक असल्याची हमी कारागिराच्या सचोटीवर येऊन ठेपते. लाकडाची टंचाई हा दुसरा प्रश्न. फांद्या तोडल्यावर काळा कुडा पुन्हा फुटतो, पण त्याला तेवढा अवधी मिळाला पाहिजे. नवी लागवड झाली नाही, तर कौशल्य असूनही हात रिकामे राहतील.

महाराष्ट्राला लाखकाम परके नाही. सावंतवाडीत संस्थानच्या आश्रयाने ते वाढले. तेथील चितारी मंडळींनी लाकडी फळे, पाट आणि गंजिफा यांतून कुंचल्याच्या कामाला अधिक महत्त्व दिले. एटिकोप्पाकात कुंचल्याऐवजी लेथच रंगारी होतो.

खरेदी करताना

डबीचे झाकण कोणत्याही बाजूने फिरविले तरी सारखेच बसले पाहिजे. ओल्या फडक्याने पुसल्यास रंग निघता कामा नये. लाख साधारण ६५ ते ८० अंश सेल्सिअसला मऊ होते आणि स्पिरिटमध्ये विरघळते. त्यामुळे या भांड्यांत गरम पदार्थ ठेवू नयेत, त्यांना अत्तर किंवा सॅनिटायझर लागू देऊ नये, तसेच ती कडक उन्हात ठेवू नयेत. कोरड्या मऊ कापडाने पुसत राहिल्यास लेपाची चकाकी अनेक वर्षे टिकते.