हृदयाची झडप बदलली, आता गावी आल्यावर काय? तरुण पेशंट आणि घरच्यांसाठी माहिती

गावात हृदयाचं कुठलंही ऑपरेशन झालं की लोक त्याला 'बायपास' म्हणतात. पण वीस-पंचवीस वर्षांच्या पोराचं किंवा पोरीचं छाती उघडून ऑपरेशन झालं असेल, तर ते बहुतेक वेळा बायपास नसतं, झडपेचं असतं. बायपासमध्ये हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांना नवी वाट करून देतात. झडपेच्या ऑपरेशनमध्ये हृदयाच्या आतला खराब झालेला दरवाजा काढून तिथे नवा बसवतात. दोन्हींनंतरची पथ्यं वेगळी आहेत, म्हणून हा फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. 'आमच्या मामांनी बायपासनंतर अमुक गोळी बंद केली, काही झालं नाही' हा सल्ला झडपवाल्या पेशंटच्या जिवावर बेतू शकतो.

तरुण वयात झडप का खराब होते?

आपल्याकडे याचं मोठं कारण म्हणजे संधिवाताचा ताप. साधारण ५ ते १५ वर्षांच्या वयात एका विशिष्ट जंतूमुळे घसा दुखतो, ताप येतो. उपचार अर्धवट राहिले तर काही मुलांमध्ये दोन-तीन आठवड्यांनी गुडघा, घोटा, मनगट असे सांधे एकामागून एक सुजतात. सांधे बरे होतात, पण शरीराची प्रतिकारशक्ती चुकून हृदयाच्या झडपेवरच हल्ला करते. घरचे विसरूनही जातात. मग दहा-पंधरा वर्षांनी शेतात काम करताना धाप लागते, रात्री झोपल्यावर खोकला येतो, किंवा पहिल्या बाळंतपणात एकदम दम कोंडतो, तेव्हा इकोमध्ये झडप आवळलेली किंवा गळती लागलेली दिसते. काहींची झडप जन्मापासूनच सदोष असते. दरवाजा दुरुस्त होण्यासारखा असेल तर दुरुस्त करतात, नसेल तर बदलावा लागतो.

नवी झडप दोन प्रकारची असते. एक प्राण्याच्या ऊतीपासून केलेली, तिला टिश्यू व्हॉल्व्ह म्हणतात. तिला रक्त पातळ करायची गोळी बहुधा पहिले काही महिनेच लागते. पण ती झिजते, आणि तरुण शरीरात लवकर झिजते. दहा-पंधरा वर्षांत, कधी त्याआधीही, दुसऱ्या ऑपरेशनची वेळ येते. दुसरी धातू-कार्बनची मेकॅनिकल झडप. ती सहसा झिजत नाही, म्हणून तरुणांना बहुतेक हीच बसवतात. पण तिच्यावर रक्ताची गुठळी बसू शकते, त्यामुळे गोळी जन्मभर. अशी झडप पहिल्यांदा यशस्वीपणे बसवली गेली ती १९६० मध्ये अमेरिकेत. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने स्वतःची झडप तयार केली आणि १९९० मध्ये ती पहिल्यांदा माणसाला बसवली. 'चित्रा व्हॉल्व्ह' म्हणतात तीच ही. डिस्चार्ज पेपरवर झडपेचं नाव, नंबर आणि ती माइट्रल की एऑर्टिक हे लिहिलेलं असतं. त्याचा मोबाईलमध्ये फोटो काढून घरातल्या दोघा-तिघांकडे ठेवावा.

पहिले तीन महिने

छातीचं मधलं हाड कापून तारेने बांधलेलं असतं. तार आतच राहते, काढत नाहीत. हाड भरून यायला सहा ते आठ आठवडे लागतात, पूर्ण घट्ट व्हायला साधारण तीन महिने. बाहेरची जखम पंधरा दिवसांत वाळलेली दिसते आणि इथेच तरुण पोरं फसतात. दम लागायचा थांबलेला असतो, अंगात तरतरी येते, आणि घरात पाण्याचा हंडा उचलायला माणूस नसतो.

या काळात चार-पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. म्हणजे भरलेली कळशी नाही, विहिरीतून बादली ओढणं नाही, हापसा नाही, लहान लेकराला कडेवर घेणं नाही. जमिनीवर झोपायची सवय असेल तर तीन महिने खाट किंवा पलंग बघावा, कारण खालून उठताना दोन्ही हातांचा जोर छातीवर येतो. उठताना आधी कुशीवर व्हायचं, पाय खाली सोडायचे, मग हळू बसायचं. संडासलाही कमोडची खुर्ची मिळाली तर बरं. खोकला-शिंक आली की उशी छातीशी घट्ट धरायची. दवाखान्यात दिलेलं तीन गोळ्यांचं फुंकणी यंत्र घरी आणून कोपऱ्यात ठेवू नये, ते दिवसातून अनेकदा ओढायचं असतं. फुफ्फुसात कफ साचत नाही.

चालणं मात्र पहिल्या दिवसापासून. पाच-दहा मिनिटं अंगणात, मग हळूहळू अर्ध्या तासापर्यंत. 'पडून राहा, आराम कर' असं म्हणणारे नातेवाईक प्रेमापोटी म्हणतात, पण ते बरोबर नाही. मोटरसायकल स्वतः चालवणं साधारण तीन महिने नाही. आपल्याकडच्या पांदण रस्त्यावर मागे बसणंसुद्धा सुरुवातीला टाळलेलं बरं. जखमेवर हळद, तेल, राख काही लावायचं नाही. जखमेतून पू येणं, ताप, किंवा श्वास घेताना हाड 'कट-कट' हलल्यासारखं वाटणं, यातलं काही झालं तर ऑपरेशन केलेल्या दवाखान्याला लगेच कळवायचं.

गोळी आणि आयएनआर

सगळ्यात जास्त जीव इथे अडकलेला आहे. मेकॅनिकल झडपेला वॉरफेरिन किंवा निकोमॅलोन, म्हणजे मेडिकलवर 'असिट्रॉम' नावाने मिळते ती गोळी, रोज ठरलेल्या वेळी घ्यावी लागते. बहुतेक डॉक्टर संध्याकाळची वेळ देतात. रक्त किती पातळ झालं हे पीटी-आयएनआर तपासणीत कळतं. साध्या माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो. एऑर्टिक झडप असेल तर साधारण २ ते ३ आणि माइट्रल असेल तर २.५ ते ३.५ ठेवतात. तुमचा आकडा किती हवा ते डॉक्टर फाईलवर लिहून देतात, तोच धरायचा. आकडा खाली गेला तर झडपेवर गुठळी बसून झडप अडकते किंवा गुठळी मेंदूत जाऊन लकवा होतो. वर गेला तर रक्तस्राव.

सुरुवातीला तपासणी आठवड्याला, कधी त्याहून लवकर. आकडा स्थिर झाला की महिन्याला एकदा. गावापासून लॅब तीस-चाळीस किलोमीटर असते, बुडालेली मजुरी, एसटीचं भाडं, आणि माणूस ठणठणीत वाटतो. मग 'पुढच्या महिन्यात बघू' सुरू होतं. पण आयएनआर बिघडला तर बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही. ठणठणीत वाटणं हा पुरावा नाही.

तपासणी शक्यतो एकाच लॅबमध्ये करावी. रक्त निळ्या झाकणाच्या बाटलीत घेतात, ती खुणेपर्यंत भरलेली हवी. कमी भरली की आकडा चुकतो. गावातून नमुना पाठवत असाल तर तो उन्हात गाडीच्या डिक्कीत दिवसभर फिरता कामा नये.

गोळ्या १, २, ३, ४ मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या येतात. मेडिकलवाल्याने १ च्या जागी ४ दिली तर चौपट डोस होतो. पट्टी घेताना आकडा स्वतः वाचावा. एखादी गोळी विसरली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवली तर दोन एकदम घ्यायच्या नाहीत. वहीत लिहून डॉक्टरांना सांगावं. कॅलेंडरवर रोज टिक करणं ही सगळ्यात स्वस्त युक्ती. बाजारात रक्त पातळ करायच्या नव्या गोळ्या आल्या आहेत, त्यांना आयएनआर लागत नाही म्हणून कुणी सुचवेल. मेकॅनिकल झडपेला त्या चालत नाहीत. डॅबिगॅट्रान या गोळीची अशा पेशंटवरची चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने मध्येच थांबवावी लागली होती.

दुसऱ्या औषधांची भानगड वेगळीच. गजकर्णासाठी मेडिकलवरून आणलेली फ्लुकोनॅझोलची गोळी, जुलाबाची मेट्रोनिडॅझोल, सेप्ट्रानसारखी सल्फाची गोळी, यांनी आयएनआर झपाट्याने वर जातो. टीबीच्या रिफॅम्पिसिनने खाली येतो. कंबरदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयब्रुफेन यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि कमरेत टोचलेलं इंजेक्शन आत रक्त साकळवू शकतं. साध्या दुखण्याला, तापाला पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांनी सांगितली तेवढीच. गावातल्या डॉक्टरांकडे गेलं की पहिलं वाक्य 'माझी झडप बदललेली आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे' हेच. नाव-गाव नसलेल्या पुड्या, काढे, चूर्णं नकोत. त्यात काय मिसळलंय ते देणाऱ्यालाही कधीकधी ठाऊक नसतं.

'पालेभाजी बंद' असं अनेकांना वाटतं. तसं नाही. मेथी, पालक, शेपू, चवळी, कोथिंबीर यात के जीवनसत्त्व असतं, ते गोळीचा असर कमी करतं. पण गोळीचा डोस तुमच्या रोजच्या जेवणावरच ठरवलेला असतो. आठवड्याला जेवढी भाजी खात होतात तेवढीच खात राहा. पावसाळ्यात रानभाज्या निघाल्या म्हणून रोज वाटीभर आणि उन्हाळ्यात एकदम शून्य, असं नको. नवरात्राचे नऊ दिवस कडक उपवास केला तरी आकडा हलतो. दारूने तर हलतोच.

शेतातलं काम

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी इको बघून परवानगी दिली की बहुतेक तरुण कामाला लागतात. भांगलणी, कापूस वेचणी, जनावरांना वैरण टाकणं जमतं. पाठीवर सोळा लिटरचा फवारणी पंप, उसाची मोळी, पोती, हे विचारूनच, आणि विचारायचं ते ऑपरेशनवाल्या डॉक्टरांना. कबड्डी, कुस्ती, दहीहंडीचे थर बंदच, कारण मार लागला तर रक्त थांबत नाही. विळा लागला तर स्वच्छ फडकं घट्ट दाबून दहा-पंधरा मिनिटं धरावं, मध्ये उघडून बघू नये. बैलाने पोटात ढुशी मारली किंवा गाडीवरून डोक्यावर पडलं तर वरून काही दिसत नसलं तरी त्याच दिवशी मोठा दवाखाना.

ताप, दात आणि पेनिसिलीन

नव्या झडपेवर जंतू बसले तर ते काढणं फार अवघड. म्हणून तीन-चार दिवस ताप राहिला तर गावात अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर व्हायला हवं. आधीच दोन डोस घेतले तर जंतू सापडत नाही. दात काढायचा किंवा हिरडीचं काम असेल तर आधी अँटिबायोटिकचा एक डोस घ्यावा लागतो. रक्त पातळ करायची गोळी मात्र दातासाठी आपल्या मनाने बंद करायची नाही. दात रोज दोनदा घासणं, आणि मिश्री-तंबाखू सोडणं.

संधिवाताच्या तापाचे पेशंट दर २१ दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन घेत असतात. झडप बदलली म्हणजे ते संपलं, असा मोठा गैरसमज आहे. बाकीच्या झडपा अजून तुमच्याच आहेत. ते बहुधा वयाच्या चाळिशीपर्यंत, काहींना त्यापुढेही चालतं. इंजेक्शन घ्यायचं की त्याऐवजी रोजची गोळी, हे डॉक्टर ठरवतात.

मुलींसाठी, आणि त्यांच्या सासरसाठीही

गोळीमुळे पाळीत जास्त रक्त जाऊ शकतं. हिमोग्लोबिन तपासत राहावं, लाजून गप्प बसू नये. गर्भधारणा अवघड असली तरी काहींना शक्य असते, पण ठरवून, आधी हृदयाच्या आणि बाळंतपणाच्या डॉक्टरांना एकत्र विचारून. वॉरफेरिन पोटातल्या बाळाला, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, इजा करू शकते. आणि घाबरून गोळी बंद केली तर आईची झडप अडकते. काही काळ हेपॅरिनच्या इंजेक्शनवर ठेवतात, काहींचा डोस कमी असेल तर वेगळा विचार होतो. म्हणून पाळी चुकली तर वाट न बघता लगेच तपासणी. गर्भनिरोधक गोळीही मनाने नको, काही गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढतो.

लग्न जमवताना ऑपरेशन लपवण्याचे प्रकार होतात. छातीवरचा व्रण लपवता येईल, पण मग सासरी सून गोळी चोरून घेते, चुकवते, आयएनआरला जाऊ शकत नाही. आधी सांगून एखादं स्थळ मोडलं तर मोडू द्यावं.

मनाचंही बोलायला हवं. ऑपरेशननंतर काही आठवडे झोप न लागणं, चिडचिड, उगाच रडू येणं हे होतं, धडधाकट पोरांनाही होतं. रात्री शांततेत झडपेची टिकटिक ऐकू येते आणि भीती वाटते. ती टिकटिक म्हणजे झडप चालू आहे. महिना-दोन महिन्यांनी कान सरावतात. पण उदासी हटतच नसेल तर डॉक्टरांना सांगावं.

लगेच १०८ कधी?

टिकटिक एकदम मंद किंवा बंद झाली, अचानक दम लागला, तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, बोबडी वळली, काळी शौच, लघवीतून रक्त, न थांबणारा घोळणा फुटला, किंवा कधी नव्हे असं डोकं दुखलं. यात भगत, देवऋषी, सलाईन असं करत वेळ घालवू नये.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत झडपेची शस्त्रक्रिया येते. ऑपरेशननंतरच्या तपासण्या आणि औषधं किती दिवस योजनेतून मिळतील, हे डिस्चार्ज घेतानाच आरोग्यमित्राला विचारून फाईलवर लिहून घ्यावं. गावी आल्यावर आशा सेविकेला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला फाईल दाखवून ठेवावी. खिशात किंवा गळ्यात एक कार्ड असावं: नाव, रक्तगट, झडपेचा प्रकार, गोळीचं नाव आणि डोस, आयएनआर किती हवा, ऑपरेशनची तारीख, घरच्यांचा आणि दवाखान्याचा फोन. लॅमिनेट करून घेतलं तर घामाने, पावसाने भिजत नाही.