वेगाचा गुन्हा आणि परवान्यावरील शेरा

मोटारगाडी रस्त्यावर आली, तिच्या मागोमाग पोलीस आला आणि पोलिसाच्या मागोमाग मॅजिस्ट्रेटचें कोर्ट आलें. इंग्लंडांत हा क्रम फार लवकर जुळून आला. १८६५ सालच्या तेथील कायद्यानें यांत्रिक वाहनांना गांवांत ताशीं २ मैल आणि गांवाबाहेर ताशीं ४ मैल एवढीच मुभा ठेविली होती. वाहनाच्या पुढें तांबडें निशाण घेतलेला एक मनुष्य पायीं चालला पाहिजे, असेंहि त्यांत बंधन होतें. पुढें १८७८ सालीं निशाणाची सक्ती सैल झाली. वेगाची मर्यादा मात्र तशीच राहिली. जानेवारी १८९६ मध्यें केंट परगण्यांतील पॅडक वुड या गांवांतून वॉल्टर अर्नोल्ड या गृहस्थानें आपली गाडी ताशीं ८ मैलांच्या वेगानें नेली. एका शिपायानें सायकलवरून पाठलाग करून त्याला गांठलें आणि कोर्टानें वेगाच्या गुन्ह्याबद्दल त्याला एक शिलिंग दंड केला. आज हें वृत्त वाचून हंसूं येतें. परंतु वेगाचा गुन्हा सिद्ध कसा करावा, हा प्रश्न त्या दिवसांपासून आजतागायत सुटलेला नाहीं.

त्याच वर्षीं नोव्हेंबरांत नवा कायदा अंमलांत येऊन ही मर्यादा पुष्कळच वाढली. तथापि मोटारवाल्याच्या जबाबदारीचा खरा पाया १९०३ सालच्या मोटारगाडी कायद्यानें घातला. १ जानेवारी १९०४ पासून तो लागू झाला. प्रत्येक गाडीला नोंदणीचा क्रमांक आला, प्रत्येक चालकाला परवाना घ्यावा लागला आणि वेगाची मर्यादा ताशीं २० मैल ठरली. परवान्यासाठीं कसलीच परीक्षा नव्हती. सतरा वर्षें वय आणि पांच शिलिंग फी एवढें पुरत असे. परंतु हा सहज मिळणारा कागद सहज निष्कलंक राहत नसे. वेगाच्या पहिल्या गुन्ह्यास १० पौंडांपर्यंत आणि दुसऱ्यास २० पौंडांपर्यंत दंड होई. तिसऱ्यापासून दंडाची मर्यादा ५० पौंडांवर जाई. शिवाय शिक्षेची हकीकत परवान्यावर लिहिली जाई. हाच परवान्यावरील शेरा. पुढच्या वर्षीं नवा परवाना मागतांना जुना शेरा लपविणें हाहि गुन्हाच होता. दंडाची रक्कम एकदां भरली कीं विसरतां येते. शेरा मात्र मनुष्याबरोबर चालतो. स्वतःच्या हौसेसाठीं गाडी चालविणाऱ्या धनिकाला त्याची लाज वाटे एवढेंच; पण दुसऱ्याची गाडी चालवून पोट भरणाऱ्या नोकरचालकाच्या बाबतींत त्या शेऱ्यावर त्याची भाकरी अवलंबून असे.

याच कायद्यांतील एक गोष्ट मोठी विचार करण्याजोगी आहे. ज्या कलमानें २० मैलांची मर्यादा घातली, त्याच कलमानें आरोपीच्या रक्षणासाठीं दोन अटीहि घातल्या. पहिली अट अशी कीं, केवळ एका साक्षीदाराच्या अंदाजावरून ही मर्यादा ओलांडल्याबद्दल कोणालाहि दोषी ठरवूं नये. दुसरी अट अशी कीं, खटला होणार असल्याची सूचना चालकाला तेथल्या तेथें द्यावी. नाहीं तर एकवीस दिवसांच्या आंत, कोर्टास वाजवी वाटेल अशा मुदतींत, त्याला किंवा गाडीच्या मालकाला लेखी नोटीस पाठवावी. या दोन्ही अटींमागील तत्त्व उघड आहे. धांवत्या गाडीचा वेग डोळ्यांनीं अजमावणें अवघड असतें. आणि महिनाभरानें नोटीस आली तर त्या दिवशीं त्या रस्त्यावर काय घडलें, तें चालकाला आठवेलच असें नाहीं. आठवण ताजी असतांनाच त्याला आपले साक्षीदार शोधतां आले पाहिजेत.

एका साक्षीदाराचा अंदाज पुरत नाहीं म्हणून पोलिसांनीं मोजलेल्या अंतराचा मार्ग धरिला. रस्त्यावर एका फर्लांगाचें, म्हणजे २२० यार्डांचें, अंतर मोजून दोन्ही टोकांस खुणा करावयाच्या, शिपायांनीं झाडाझुडुपांच्या आड बसावयाचें आणि गाडीला तें अंतर तोडावयास किती सेकंद लागले तें घड्याळानें पाहावयाचें, अशी ती योजना होती. एक फर्लांग म्हणजे मैलाचा आठवा भाग. ताशीं २० मैलांनीं जाणारी गाडी तो बरोबर साडेबावीस सेकंदांत तोडते. साडेएकवीस सेकंद लागले तर वेग जवळजवळ २१ मैल होतो. म्हणजे घड्याळ सुरू करतांना शिपायाचें बोट एक सेकंद मागें राहिलें, तर निर्दोष मनुष्य गुन्हेगार ठरावा, अशी ही नाजूक मोजणी होती.

मोटारवाल्यांनीं यावर जो उपाय काढला त्याचा इतिहास मौजेचा आहे. १९०५ सालीं लंडनमध्यें ऑटोमोबाइल असोसिएशन ही संस्था निघाली. तिचे सायकलस्वार पहारेकरी रस्त्यांवर फिरत आणि पुढें पोलिसांचा सापळा असल्यास येणाऱ्या मोटारींना सावध करीत. हा पोलिसांच्या कामांत अडथळा आहे काय, हा प्रश्न वरिष्ठ कोर्टापर्यंत गेला. १९०७ सालच्या निवाडा-संग्रहांत आलेल्या बॅस्टेबल विरुद्ध लिटल या खटल्यांत न्यायाधीशांनीं निकाल पहारेकऱ्याच्या बाजूनें दिला. कारण ज्या गाड्यांना त्यानें सावध केलें त्या आधींच मर्यादेबाहेर धांवत होत्या, असा पुरावा नव्हता. परंतु १९१० सालच्या संग्रहांत आलेल्या बेट्स विरुद्ध स्टीव्हन्स या खटल्यांत निकाल उलट लागला. तेथें गाड्या मर्यादेबाहेर धांवतच होत्या. गुन्हा चालू असतां पुरावा हातीं येऊं नये म्हणून इशारा देणें हा अडथळाच, असें कोर्टानें ठरविलें. मग संस्थेनें निराळी युक्ति काढली. पहारेकऱ्यानें सभासदाच्या गाडीस सलाम करावयाचा. ज्या दिवशीं सलाम मिळणार नाहीं, त्या दिवशीं सभासदानें गाडी थांबवून कारण विचारावयाचें! सलाम न केल्याबद्दल कोणत्या कोर्टांत फिर्याद करणार?

या युक्तीचें कौतुक करावें तितकें थोडें. पण ती पळवाट होती, बचाव नव्हे. सापळा चुकविणाऱ्या मोटारवाल्यापासून रस्त्यांतलें मूल सुरक्षित झालें नाहीं आणि सापळ्यांत अन्यायानें अडकलेल्याची सुटकाहि त्यानें झाली नाहीं. अशा मनुष्याच्या उपयोगीं पडल्या त्या १९०३ सालच्या दोन अटीच. सलामाची ती प्रथा कालांतरानें लोपली. अटी मात्र टिकल्या. १९३० सालीं इंग्लंडनें खासगी मोटारींवरील सरसकट वेगमर्यादा उठविली आणि वस्तीच्या भागापुरती ताशीं ३० मैलांची मर्यादा मार्च १९३५ पासून पुन्हा घातली. या सर्व फेरफारांतहि पूर्वसूचनेची अट कायम राहिली. तिची मुदत मात्र चौदा दिवसांवर आली.

तेथूनच या अटी हिंदुस्थानांत आल्या. १९१४ सालच्या कायद्यानें येथील चालकाला परवाना आवश्यक केला आणि १ जुलै १९३९ पासून लागू झालेल्या मोटार वाहन कायद्यानें सर्व विषयाची सविस्तर मांडणी केली. एकाच साक्षीदाराच्या मतावरून वेगाच्या गुन्ह्यास शिक्षा नाहीं. तें मत कांहीं यांत्रिक साधनानें केलेल्या मोजणीवर आधारलेलें असेल तरच अपवाद, असें त्यांत स्पष्ट लिहिलें गेलें. पूर्वसूचनेचें कलमहि आलें. शेऱ्याच्या बाबतींत तर या कायद्यानें उदार धोरण ठेविलें. शेरा नव्या परवान्यावरहि उतरून येतो हें खरें. परंतु लागोपाठ तीन वर्षें दुसरा शेरा न बसल्यास स्वच्छ परवाना मिळण्याचा हक्क चालकाला दिला, आणि शेरा केवळ वेगमर्यादेबद्दलचा असल्यास एका वर्षाचीच मुदत ठेविली. एका चुकीचा डाग जन्मभर राहूं नये, सुधारलेल्या मनुष्याला कोरा कागद परत मिळावा, ही त्यांतील दृष्टि. १ जुलै १९८९ पासून अंमलांत आलेल्या १९८८ सालच्या कायद्यानेंहि या तरतुदी पुढें चालविल्या.

त्यानंतर झाडाआडच्या शिपायाची जागा खांबावरच्या कॅमेऱ्यानें घेतली. यांत्रिक साधनाची मोजणी हा जो एके काळीं अपवाद होता, तोच आतां नियम होऊन बसला. माणसाचा अंदाज चुकतो म्हणून यंत्र आणलें. परंतु यंत्राचीहि पारख व्हावयास पाहिजे. म्हणूनच २०२१ सालच्या केंद्रीय नियमांत अशा साधनाला मान्यतेचें प्रमाणपत्र असावें व त्याचें दर वर्षीं नूतनीकरण व्हावें, कॅमेऱ्याची पूर्वसूचना देणाऱ्या पाट्या रस्त्यावर ठळकपणें लावाव्यात, आणि नोटिशींत छायाचित्र, तारीख, वेळ व स्थळ यांचा पुरावा असावा, असें ठरविण्यांत आलें. एकाच्या गाडीचा क्रमांक दुसऱ्याच्या चलानावर पडला, तर त्या निरपराध मनुष्याची बाजू मांडणारा साक्षीदार म्हणजे हें छायाचित्र आणि ही वेळच होय.

मुंबईचा टॅक्सीवाला असो, घाटांतून माल नेणारा ट्रकचालक असो, किंवा घरची गाडी चालविणारी गृहिणी असो, या इतिहासापासून घ्यावयाचा बोध एकच आहे. चूक खरोखर झाली असेल तर ती कबूल करून दंड भरावा आणि पुढील वर्षें अशीं काढावीं कीं परवाना पुन्हा स्वच्छ होईल. चूक झाली नसेल तर कटकट नको म्हणून मुकाट्यानें पैसे भरणें हें शहाणपण नव्हे. कारण कायद्याच्या दृष्टीनें ती कबुलीच ठरते. नोटिशीवरील तारीख, स्थळ, क्रमांक आणि पुरावा हीं चार अंगें शांतपणें तपासून कोर्टापुढें आपलें म्हणणें मांडणें हा नागरिकाचा हक्क आहे. जो कायदा शिक्षा सांगतो, तोच पुरावाहि मागतो. आणि जेथें पुरावा मागण्याची संवय लोकांत जागती असते, तेथेंच शिक्षेलाहि मान राहतो.