सहाशे पावलांचे स्टेडियन

ऑलिंपियाच्या मैदानात धावण्याची शर्यत जिथे सुरू व्हायची आणि जिथे संपायची, त्या दोन्ही जागी जमिनीत बसवलेल्या दगडी पट्ट्या आजही आहेत. त्यांच्यामधले अंतर १९२.२७ मीटर भरते. ग्रीक परंपरा सांगते की इ.स.पू. ७७६ साली एलिसच्या कोरोइबोसने ही शर्यत जिंकली आणि तो ऑलिंपिकचा पहिला विजेता ठरला. तो पेशाने स्वयंपाकी होता, अशी नोंद ग्रीक लेखक अथेनिअसने केली आहे. पहिल्या तेरा ऑलिंपिकांमध्ये ही एकच शर्यत होती. जाऊन परत येण्याची दुहेरी शर्यत सुरू झाली ती इ.स.पू. ७२४ मध्ये. धावण्याच्या त्या सरळ पट्टीला, तिच्यावरच्या शर्यतीला आणि तिच्या लांबीलाही ग्रीक लोक स्टेडियन म्हणत. रोमनांनी त्याचे स्टेडियम केले आणि तेच आपल्यापर्यंत आले.

आता डेल्फीला जाऊ. तिथले स्टेडियन सुमारे १७७.५ मीटरचे आहे. एपिडॉरसचे १८१, तर आशिया मायनरमधल्या पर्गामॉनचे २१०. ऑलिंपियाचा धावपटू डेल्फीच्या धावपटूपेक्षा जवळजवळ १५ मीटर जास्त धावत होता, तरी दोघेही एक स्टेडियनच धावत होते. यात कोणाची मोजणी चुकलेली नाही. चारही ठिकाणी अंतर बरोबर सहाशे पावलांचे आहे. पाऊल मात्र ज्या त्या गावचे आहे.

ग्रीक मोजमापाची ही खरी गंमत आहे, आणि ती समजली नाही तर पुढचे सगळे हिशेब घसरतात. हेरोडोटसने इजिप्तमधल्या एका सरोवराचे वर्णन करताना मापांची शिडी ओघात सांगून टाकली आहे: शंभर ऑर्गिया म्हणजे एक स्टेडियन, ऑर्गिया म्हणजे सहा पावले किंवा चार हात, पाऊल चार मुठींचे आणि हात सहा मुठींचा. मूठ म्हणजे चार बोटांची रुंदी. म्हणजे पावलात १६ बोटे, हातात २४, आणि मध्ये वीत, ती १२ बोटांची. दोन्ही हात आडवे पसरले की बोटाच्या टोकापासून बोटाच्या टोकापर्यंत होते ती ऑर्गिया. मराठीत तिला सरळ वाव म्हणता येईल. आपली वावही चार हातांचीच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही वीत १२ अंगुळांची आणि हात २४ अंगुळांचा आहे. एवढ्यावरून कोणी कोणाचे उचलले असे ठरवण्याचे कारण नाही. माणसाचे शरीर दोन्हीकडे सारखेच घडलेले आहे.

तर ही शिडी सगळ्या ग्रीक जगाला मान्य होती. तिच्या पायऱ्यांचे आपसातले प्रमाण कुठेही फारसे बदलत नव्हते. पण सर्वांत खालची पायरी किती उंच, हे प्रत्येक नगरराज्य आपले आपण ठरवी. ऑलिंपियाच्या अंतराला सहाशेने भागले की पाऊल ३२ सेंटिमीटरचे निघते, डेल्फीचे साडेएकोणतीसच्या थोडे वर, पर्गामॉनचे ३५. देवळांच्या बाबतीतही हेच. सामोस बेटावर हेरा देवीचे जे सर्वांत जुने मोठे देऊळ होते, त्याला अभ्यासक हेकाटोम्पेडॉन, म्हणजे शंभर पावली, म्हणतात. त्याची लांबी ३३ मीटरच्या आसपास होती. अथेन्सच्या पार्थेनॉनमधल्या मुख्य दालनालाही तेच नाव होते, आणि ते आतून ३० मीटरच्या जवळ भरते. शंभर ही संख्या मानाची होती, ती जपली गेली.

मग व्यवहार कसा चाले? गावाच्या आत काही अडत नसे. अथेन्समध्ये चिठ्ठ्या टाकून दहा मेट्रोनोमोइ निवडले जात, पाच शहरासाठी आणि पाच पिरेयस बंदरासाठी. विक्रेत्यांची वजने-मापे खरी आहेत की नाहीत हे बघणे त्यांचे काम. अडचण येई ती दोन गावांचे गवंडी, सुतार किंवा व्यापारी एकत्र आल्यावर. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात इ.स.पू. पाचव्या शतकातले एक संगमरवरी शिल्प आहे. त्यात एका पुरुषाने दोन्ही हात आडवे पसरले आहेत आणि त्याच्या हाताच्या वर एक पाऊल वेगळे कोरले आहे. पसरलेल्या हातांची लांबी दोन मीटरच्या थोडी पुढे जाते, पाऊल तीस सेंटिमीटरला थोडे कमी पडते. म्हणजे शिडीप्रमाणे सहा पावलांची वाव व्हायला हवी, ती इथे सातांची झाली आहे. वाव एका पद्धतीची आणि पाऊल दुसऱ्या पद्धतीचे, अशी दोन्ही एकाच दगडात जुळवून दाखवली असावीत, असे अभ्यासकांचे मत आहे. मला तो दगड फार मोलाचा वाटतो. ज्यांच्या मापांचा घोळ आपण आज सोडवत बसतो, त्यांना तो घोळ पुरता माहीत होता आणि त्यांनी त्यावर तोड काढली होती.

ऑलिंपियाचे स्टेडियन ग्रीसमधल्या इतरांपेक्षा लांब का, हा प्रश्न ग्रीकांनाही पडला होता. उत्तर कथेत होते: ते हेराक्लिसने स्वतःच्या पावलांनी मोजले. दुसऱ्या शतकातला रोमन लेखक ऑलस गेलिअस प्लुटार्कच्या आधाराने सांगतो की पायथॅगोरसने यावरून त्रैराशिक मांडले. ग्रीसमधली इतर स्टेडियनेही सहाशे पावलांचीच, पण लांबीला कमी. तेव्हा ज्या प्रमाणात ऑलिंपियाचे मैदान मोठे त्या प्रमाणात हेराक्लिसचे पाऊल मोठे, आणि ज्या प्रमाणात पाऊल मोठे त्याच प्रमाणात त्याची उंचीही. कथा पायथॅगोरसच्या नावावर मागाहून चढलेली असेल, तरी तिचा तर्क निर्दोष आहे. सहाशे स्थिर आहे, पाऊल बदलते, हे ती गृहीतच धरते.

शर्यतीच्या पट्टीवरचे हे माप पुढे जग मोजायला निघाले. अलेक्झांडरच्या सैन्याबरोबर बाइटॉन आणि डिओग्नेटोस यांच्यासारखे टाकलेली पावले मोजून अंतर काढणारे लोक चालत होते. त्यांची अंतरे रोमन लेखक प्लिनीने उद्धृत केली आहेत. मौर्य दरबारी आलेला ग्रीक वकील मेगॅस्थेनिस याने पाटलिपुत्राची लांबी ८० स्टेडिया आणि रुंदी १५ स्टेडिया दिली, आणि मौर्यांचे अधिकारी रस्त्यावर दर दहा स्टेडियांना खांब उभारतात असे लिहिले. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेचा ग्रीकमध्ये लिहिणारा व्यापारी तांबड्या समुद्रातली बंदरे स्टेडियात मोजतो; मिओस होर्मोसपासून बेरेनिके १८०० स्टेडिया. पण भडोचला उतरून दख्खनकडे वळला की त्याचे माप बदलते. पैठण दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपले धाराशिव जिल्ह्यातले तेर. माल तिथून गाड्यांवर, वाट नसलेल्या मुलखातून भडोचला येई. अशा वाटेवर दिवसांचाच हिशेब उपयोगाचा.

पृथ्वीचा घेर मोजणाऱ्या एराटोस्थेनिसचे नाव घेतल्याशिवाय ही कथा पुढे सरकत नाही. दक्षिण इजिप्तमधल्या सायीनीला उत्तरायणाच्या शेवटच्या दिवशी भर दुपारी सावली पडत नाही, त्याच वेळी अलेक्झांड्रियात ती वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतकी पडते. दोन गावांमध्ये ५००० स्टेडिया. म्हणून पृथ्वीचा घेर २,५०,००० स्टेडिया. पुढे हा आकडा २,५२,००० झाला, म्हणजे एका अंशाला नेमके ७०० स्टेडिया. त्याचे उत्तर किती बरोबर होते, यावर दीडशे वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. १५७.५ मीटरचे स्टेडियन धरले तर घेर जवळजवळ अचूक येतो, १८५ मीटरचे धरले तर सहा हजार किलोमीटरहून अधिक जास्त. पहिला पर्याय लोकांना आवडतो याचे कारण उघड आहे, पण उत्तराकडे बघून पाऊल निवडणे मला मान्य नाही. एराटोस्थेनिसची थोरवी पन्नासाव्या भागात आहे. तो भाग कोणत्याही गावच्या पावलाने बदलत नाही.

रोमनांनी मात्र स्टेडियनला आपल्या मैलाशी बांधले. इथे भूगोलकार स्ट्रॅबोने एक छोटी नोंद ठेवली आहे. रोमनांच्या इग्नाशिया मार्गाची लांबी ५३५ मैल; बहुतेक लोक मैलाला आठ स्टेडिया धरतात, त्याप्रमाणे ४२८०. पण पॉलिबिअस मैलाला आठ आणि एक तृतीयांश स्टेडिया धरतो, म्हणून आणखी १७८ मिळवावे लागतात. रोमन मैल ५००० पावलांचा होता. त्याला सहाशेने भागले की उत्तर येते बरोबर आठ आणि एक तृतीयांश. पॉलिबिअस ग्रीक होता, त्याने पाऊल रोमनांचे घेतले आणि सहाशे आपले ठेवले. बाकीच्यांनी सोयीसाठी आठाचा भागाकार केला, आणि तोच रूढ झाला. तेव्हापासून स्टेडियन १८५ मीटरचे झाले, ६२५ रोमन पावलांचे.