दोन खेळींत मात

'पांढऱ्याने खेळून दोन खेळींत मात करावी' ही बुद्धिबळाच्या कुटातील आज्ञा वरवर पाहता फावल्या वेळाचा चाळा वाटते. परंतु ते कूट एखाद्या नामांकित खेळाडूच्या खऱ्या डावातून उचललेले असेल, तर तो इतिहासाचा पुरावाच होय.

सर्वांच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. १८५८ साली पॅरिसच्या एका नाट्यगृहात एकवीस वर्षांच्या पॉल मॉर्फीविरुद्ध ब्रन्सविकचा ड्यूक व काउंट इझुआर हे दोघे मिळून खेळत होते. काळा राजा मूळ घरातच अडकला होता. मॉर्फीने आपला वजीर शेवटच्या आडव्या पट्टीवर नेऊन शह दिला. घोड्याने तो मारण्यावाचून काळ्याला गत्यंतर नव्हते. पण घोडा उठताच त्याने अडवून धरलेली उभी पट्टी मोकळी झाली. त्या पट्टीतून पांढरा हत्ती थेट राजाशेजारी येऊन बसला. मागे उंटाचा जोर. सतराव्या खेळीला मात!

मग आपल्याकडे अशी बुद्धी नव्हती काय? होती. १८१४ साली, दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत, त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत कुटांचे इंग्रजी भाषांतर मुंबईत छापले गेले. युरोपीय रीतीला जुळवून घेतलेली ती कुटे होती. देशी रीत निराळी: प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चाले, राजाला एकदा घोड्याची चाल मिळे, आणि प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची. परंतु हे ज्ञान ज्या असंख्य डावांत मुरले, ते डाव कोणी खेळले, कोण हरले, हे आज कळत नाही. खेळ्या लिहून ठेवण्याची चालच आपल्यात नव्हती.

लिहिण्याने काय होते, हे बंगालात दिसते. कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी जॉन कॉक्रेन या स्कॉटिश खेळाडूशी खेळत. कॉक्रेनमुळे ते डाव टिपले गेले आणि छापलेही गेले. 'इंडियन डिफेन्स' या नावात त्या खेळाची आठवण आजही आहे. वऱ्हाडातील ओसऱ्यांवरही पट मांडले जात. मात्र तेथल्या बहाद्दरांचे डाव पटावरील सोंगट्यांबरोबर पिशवीत गेले.

आता दिवस पालटले आहेत. अमरावतीचे स्वप्निल धोपाडे ग्रँडमास्टर झाले. शेजारच्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. त्यांची प्रत्येक खेळी नोंदलेली आहे. त्या डावांतूनही उद्या कुटे निघतील.

अकोल्याच्या शाळेतील मुलाने मॉर्फीचे कूट अवश्य सोडवावे. पण संध्याकाळी आजोबांशी खेळलेला स्वतःचा डावही वहीत उतरवून ठेवावा. हरलेला असला तरी. मॉर्फीची मात आपल्यापर्यंत पोहोचली, ती कोणीतरी लिहून ठेवली म्हणूनच.